कोलोकोत्रोनिसच्या मागावर: मार्चमधला पेलोपोनीज

१८ मार्च, अथेन्स

स्टाडिऊ रस्त्यावर जुन्या संसदेच्या इमारतीसमोर थिओडोरोस कोलोकोत्रोनिस घोड्यावर बसलेला आहे. डोक्यावर शिरस्त्राण, एक हात पुढे केलेला. लाझारोस सोखोस या शिल्पकाराचा हा पुतळा १९०४ मध्ये अथेन्समध्ये उभा राहिला. त्याचाच जोडीदार त्याआधी नाफ्प्लिओत बसला होता. चौथऱ्यावरचा मजकूर भाचीने फोन धरून लावला. सेनापती, युगानुयुगं घोडा हाकत जा आणि गुलाम स्वतंत्र कसे होतात ते लोकांना शिकवत जा, असा काहीसा अर्थ. ग्रीसमध्ये पुतळ्यांना तोटा नाही, पण तुर्कांच्या ऑटोमन सत्तेविरुद्धच्या १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की पहिलं नाव याचंच. 'मोरियाचा म्हातारा' हे त्याचं लाडकं बिरुद. मोरिया म्हणजे पेलोपोनीज, ग्रीसचा दक्षिणेकडचा द्वीपकल्प. लढाई सुरू झाली तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता.

भाची फ्रँकफर्टला असते. गाडी तिने चालवायची आणि इतिहास मी पुरवायचा, अशी वाटणी झालेली. साताऱ्यात बत्तीस वर्षं इतिहास शिकवल्यावर एवढं तर जमायलाच हवं.

इमारतीच्या आत राष्ट्रीय ऐतिहासिक संग्रहालय आहे आणि पुतळ्यावर दिसतं ते शिरस्त्राण खरोखर तिथे काचेत ठेवलेलं आहे. त्यामागची गोष्ट पुतळ्यावरून कळत नाही. कोलोकोत्रोनिसचा जन्म १७७० चा. घराणं क्लेफ्तांचं. हे क्लेफ्त डोंगरात राहून ऑटोमन सत्तेला न जुमानणारे हत्यारबंद लोक. त्यांच्यात बंडखोर कुठे संपतो आणि लुटारू कुठे सुरू होतो, हे ठरवणं अवघड. तेच लोक कधी पगार घेऊन गावं राखायचे, कधी तीच गावं लुटायचे. थिओडोरोस दहा वर्षांचा असताना, १७८० मध्ये, पेलोपोनीजच्या दक्षिण टोकाच्या मानी भागातल्या कास्तानित्सा इथल्या वेढ्यात त्याचे वडील मारले गेले. १८०६ मध्ये सरकारने क्लेफ्तांचा पिच्छा पुरवला, तेव्हा हा समुद्र ओलांडून झाकिंथोस बेटावर गेला. पुढे तिथे इंग्रज आले. त्यांनी उभारलेल्या ग्रीक पलटणीत रिचर्ड चर्च या अधिकाऱ्याच्या हाताखाली तो मेजर झाला. कवायती फौज कशी चालते हे त्याने तिथे पाहिलं आणि हे शिरस्त्राणही त्याच काळातलं मानतात. १८१८ मध्ये तो 'फिलिकी एतेरिया' या ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या गुप्त संघटनेत शिरला. आपल्याकडे पेशवाई बुडाली ते हेच साल. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण मराठी माणसाला १८१८ हा आकडा दिसला की तो थबकतोच.

जेवणाचं एक सांगून ठेवतो. ईस्टरआधीचा उपवासाचा काळ चालू होता. खाणावळीत 'निस्तीसिमो' म्हटलं की मांस, अंडी, दूध काही नसलेले पदार्थ पुढे येतात. मोठ्या पांढऱ्या पावट्यांची टोमॅटोतली उसळ, पिवळ्या डाळीचं घट्ट पिठलंवजा फावा, उकडलेल्या रानभाज्या. शाकाहाऱ्यांची चंगळ. फक्त शिंपले आणि कोळंबी त्यांच्या उपवासाला चालतात, तेवढं विचारून घ्यावं.

१९ मार्च, देर्वेनाकियावरून नाफ्प्लिओ

कोरिंथचा कालवा ओलांडला की पेलोपोनीज. हमरस्ता सोडून जुन्या रस्त्याने गेलो, कारण देर्वेनाकियाची खिंड पाहायची होती. आजूबाजूला नेमेआचे द्राक्षमळे, वेली अजून नुसत्या खुंटांसारख्या. खिंडीवरच्या टेकडीवर कोलोकोत्रोनिसचं स्मारक आहे. गाडी खाली लावून चढलो. वर आम्ही दोघं आणि एक कुत्रं.

१८२२ च्या जुलैमध्ये ऑटोमन सेनापती द्रामाली पाशा मोठी फौज घेऊन कोरिंथवरून आर्गोसच्या मैदानात उतरला. ग्रीकांचं नवंकोरं सरकार जहाजांवर पळालं. कोलोकोत्रोनिसने तेव्हा समोरासमोर लढाई दिलीच नाही. मैदानातली उभी पिकं जाळायला लावली, विहिरी निकामी करायला लावल्या. ग्रीकांचा सरदार दिमित्रिओस इप्सिलांतिस आर्गोसच्या किल्ल्यात अडून बसला आणि द्रामालीचे दिवस खाल्ले. उन्हाळा कोरडा, घोड्यांना वैरण नाही, माणसांना पाणी नाही. पाशाला माघारी फिरावंच लागणार आणि फिरताना या खिंडींतूनच जावं लागणार, हा म्हाताऱ्याचा हिशेब. २६ जुलैला तो खरा ठरला. वरून खाली पाहिलं तेव्हा हिशेबातली खुबी कळली: रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चढ, आणि पुढच्या जनावराने पाय टाकेपर्यंत मागच्याला थांबण्याशिवाय गत नाही. झुडपांवर अंगरखे आणि टोप्या टांगून आपली माणसं जास्त असल्याचा भास त्याने केला, असं सांगतात. गनिमी कावा हा शब्द मी भाचीसमोर मुद्दाम उच्चारला नाही, तिनेच उच्चारला.

या लढाईत गाजला तो त्याचा पुतण्या निकितारास. त्याची अखेर ऐकण्यासारखी आहे. स्वतंत्र ग्रीसमध्ये तो तुरुंगात गेला, तिथे दृष्टी गेली आणि शेवटी पिरेअसच्या एका चर्चबाहेर ठरलेल्या दिवशी भीक मागण्याचा परवाना सरकारने त्याला दिला, अशी गोष्ट सांगतात.

संध्याकाळी नाफ्प्लिओ. समुद्राला लागून जुनं गाव, दगडी गल्ल्या, डोक्यावर पालामिदी किल्ला. मुक्कामाच्या जागेचं नाव सांगत नाही. गरम पाणी सकाळी मिळेल म्हणाले ते मिळालं नाही.

२० मार्च, नाफ्प्लिओ

पालामिदीला ९९९ पायऱ्या आहेत असं सगळे सांगतात. मोजणाऱ्यांचा आकडा बराच खाली येतो. हजारावी पायरी कोलोकोत्रोनिसच्या घोड्याच्या टापेने फुटली, ही गावची पुस्ती. घोडा त्या पायऱ्यांवर का चढेल असं विचारायचं नसतं. आम्ही मागच्या रस्त्याने गाडीनेच वर गेलो.

किल्ला व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ या अवघ्या काळात बांधला आणि १७१५ मध्ये तुर्कांनी घेतलाही. सह्याद्रीतले किल्ले बघितलेल्या माणसाला इथे सगळ्यात आधी जाणवतं ते असं की हा एक किल्ला नाहीच. आठ बुरुज, प्रत्येक स्वतःपुरता पुरा, एक पडला तरी दुसऱ्याने लढावं अशी रचना. १८२२ च्या ३० नोव्हेंबरच्या पहाटे ग्रीक सरदार स्ताइकोस स्ताइकोपुलोसने तो तुर्कांकडून घेतला.

संत आंद्रेआसच्या बुरुजात कोलोकोत्रोनिसची म्हणून एक कोठडी दाखवतात. दार इतकं खुजं की जवळजवळ रांगत आत जावं लागतं. आत ओल आणि अंधार. ती नेमकी हीच का, यावर जाणकारांचं एकमत नाही. पण या किल्ल्यावर त्याला ठेवलं होतं ते त्याच्या स्वतःच्या देशाने, हे निर्विवाद. आणि मला या प्रवासात सगळ्यात जास्त याच गोष्टीचं कुतूहल होतं.

घडलं ते असं. स्वतंत्र ग्रीसचा पहिला प्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास १८२८ मध्ये इथे आला. कोलोकोत्रोनिस त्याच्या बाजूचा. १८३१ मध्ये नाफ्प्लिओतल्या संत स्पिरिदोनच्या छोट्या चर्चच्या दारात मानीच्या मावरोमिखालिस घराण्यातल्या दोघांनी कापोदिस्त्रियासला ठार केलं. गल्ली चढून चर्चपाशी गेलो, तर दाराशेजारी भिंतीत गोळीची खूण काचेखाली जपलेली. मग युरोपातल्या सत्तांनी ग्रीसला राजा दिला: बव्हेरियाचा ओटो. १८३३ मध्ये तो याच बंदरात उतरला तेव्हा सतरा वर्षांचा होता, म्हणून कारभार तिघा बव्हेरियन प्रतिनिधींकडे. त्यांना कोलोकोत्रोनिस डोईजड वाटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला आणि त्याचा जुना साथीदार प्लापुतास याला राजाविरुद्ध कट केल्याच्या आरोपाखाली पकडलं.

खटला चालला ती इमारत गावातल्या मुख्य चौकाजवळ आहे. घुमटाची, दगडी, मुळात मशीद. १८२५ मध्ये ग्रीकांची संसद हिच्यात भरली, म्हणून नाव वुलेफ्तिको. आम्ही गेलो तेव्हा आत खुर्च्या मांडणं चाललं होतं, संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम होता. कर्मचाऱ्याने पाच मिनिटं डोकावू दिलं. १८३४ मध्ये इथे पाच न्यायाधीश बसले. सरकारी वकील होता एडवर्ड मॅसन, ग्रीकांच्या प्रेमापोटी इथे आलेला स्कॉटिश माणूस! पुरावे पोकळ होते. तिघांनी देहदंडाच्या बाजूने मत दिलं. अध्यक्ष अनास्तासिओस पोलिझोइदिस आणि न्यायाधीश जॉर्जिओस तेर्त्सेतिस यांनी निकालावर सही करायला नकार दिला. न्यायमंत्र्याने शिपाई पाठवले आणि त्या दोघांना संगिनींच्या धाकाने ओढत आणून आपल्या जागेवर बसवलं. निकाल वाचला गेला तो तसाच, दोन सह्यांवाचून. पुढे त्या दोघांवरच खटला भरला, त्यात ते सुटले. देहदंडाची शिक्षा वीस वर्षांच्या कैदेवर आली आणि १८३५ मध्ये ओटो सज्ञान होऊन गादीवर बसला तेव्हा म्हातारा सुटला.

त्या दोन न्यायाधीशांचे पुतळे नाफ्प्लिओच्या न्यायालयासमोर आहेत. कोलोकोत्रोनिसचा घोडा त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा आणि पर्यटकही तिकडेच. मी मात्र या दोघांपाशी जास्त वेळ थांबलो. कारण तेर्त्सेतिसचं काम तिथे संपलं नाही. १८३६ मध्ये तो सुटलेल्या कोलोकोत्रोनिसकडे गेला आणि म्हाताऱ्याने आपलं आयुष्य त्याला तोंडी सांगितलं. आज आपल्याला कोलोकोत्रोनिसचा जो आवाज ऐकू येतो, तो त्या न्यायाधीशाने टिपून ठेवला म्हणून.

२१ मार्च, त्रिपोली

नाफ्प्लिओहून तासाभराचा रस्ता. त्रिपोली हे उंचावरच्या पठारावरचं, थंड आणि कामाधंद्याचं शहर आहे. बघायला यावं असं विशेष काही नाही, आणि आम्ही तिथे राहिलोही नाही. पण कोलोकोत्रोनिसच्या अस्थी अथेन्सहून १९३० मध्ये इथे आणल्या आणि आरेओस चौकातल्या त्याच्या अश्वारूढ पुतळ्याच्या चौथऱ्यात त्या आहेत. चौक ऐसपैस. मुलं सायकली फिरवत होती, बाकांवर म्हातारे होते.

१८२१ मध्ये याचं नाव त्रिपोलित्सा, मोरियातल्या ऑटोमन सत्तेचं मुख्य ठाणं. सुभेदार हुर्शिद पाशा वायव्येला बंडखोर अली पाशाशी लढण्यात गुंतलेला. हे शहर आधी घेतल्याशिवाय काही खरं नाही, असं कोलोकोत्रोनिसचं पहिल्यापासून म्हणणं होतं. बाकीच्या सरदारांना किनाऱ्यावरचे किल्ले हवे होते. मे महिन्यात शेजारच्या वाल्तेत्सी गावात त्याच्या लोकांनी पहिल्यांदा तुर्कांच्या बाहेर पडलेल्या फौजेला मागे रेटलं, मग वेढा आवळला. आतल्या अल्बेनियन शिपायांशी त्याने स्वतंत्र बोलणी केली आणि त्यांना सुखरूप बाहेर जाऊ दिलं. २३ सप्टेंबरला शहर पडलं.

पुढचं मी सांगत असताना भाचीने गाडी बाजूला घेतली. तीन दिवस कत्तल चालली. मुसलमान आणि ज्यू, बायका, मुलं, कुणालाच सोडलं नाही. मेलेल्यांचा आकडा इतिहासकार हजारांत सांगतात. कोलोकोत्रोनिसने स्वतः तेर्त्सेतिसला सांगितलेला आकडा बत्तीस हजारांचा आहे, तो फुगलेला मानतात. पण त्याने हेही सांगितलं की तटापासून वाड्यापर्यंत जाताना त्याच्या घोड्याचे पाय जमिनीला लागले नाहीत. बाजारातलं एक झाड त्याला दाखवलं गेलं, ज्यावर ग्रीकांना फाशी देत. आपल्या कुळातले किती जण इथे लटकले असतील असं मनात आलं आणि त्याने ते झाड तोडायला लावलं. शहरातली कत्तल बघून थोडं समाधान वाटलं, असंही त्याने सांगितलं आहे.

"हे त्याने स्वतःहून सांगितलं?" भाचीने विचारलं. हो, स्वतःहून. कुणी कोर्टात विचारलेलं नव्हतं. मारलेल्यांच्या नावाची एखादी पाटी मी चौकात शोधली. मला तरी दिसली नाही. पुतळ्यापेक्षा तो माणूस जास्त मोकळा होता, असं माझं मत तिथे बनलं. त्याने त्याच्या करणीचा दोष कमी होत नाही.

याच शहराजवळ १८२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा थोरला मुलगा पानोस मेला. तुर्कांच्या हातून नव्हे. ग्रीक सरदारांची आपसात यादवी पेटली होती, तिच्यात. मुलगा गेल्यावर म्हाताऱ्याने शस्त्रं खाली ठेवली आणि सरकारने त्याला इद्रा बेटावरच्या मठात कोंडलं. म्हणजे नाफ्प्लिओ हा त्याचा दुसरा तुरुंगवास. पहिल्यातून सुटका केली ती एका अर्थाने शत्रूने: १८२५ मध्ये इजिप्तचा इब्राहिम पाशा सुलतानाच्या बाजूने कवायती फौज घेऊन मोरियात उतरला आणि त्याच्यासमोर उभं राहायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. मे महिन्यात म्हातारा बाहेर आला. इब्राहिमला तो थोपवू शकला नाही, पण शरण जाणाऱ्या गावांना आग आणि कुऱ्हाड, अशी धमकी देऊन डोंगरातला प्रतिकार त्याने विझू दिला नाही. ती धमकी त्याच्याच लोकांना होती.

२२ मार्च, दिमित्साना, स्टेमनित्सा, कारीतेना

प्रवासातला सगळ्यात सुंदर दिवस. आर्केडियाचे डोंगर, लूसिओस नदीची खोल घळ, दगडी घरांची गावं कड्याला चिकटलेली, लांबच्या शिखरांवर बर्फ. वळणांचे रस्ते, मध्ये बकऱ्यांचे कळप. आंबेनळी घाटात गाडी चालवलेल्याला इथे भीती नाही.

दिमित्सानाखाली झऱ्यांच्या काठी पाण्याच्या शक्तीचं उघड्यावरचं संग्रहालय आहे, त्यासाठी दोन तास तरी ठेवावेत. पिठाची चक्की, घोंगड्या आणि लोकर धुण्याचं पाण्याचं कुंड, कातडी कमावण्याची जागा आणि दारूची गिरणी. ही दारू बंदुकीची. पाण्याचं चाक फिरतं, त्याच्या लाटेवरचे खुंट लाकडी मुसळं उचलतात आणि सोडतात, खाली उखळात सोरा, गंधक आणि कोळसा कुटला जातो. युद्धकाळात गावात अशा चौदा गिरण्या चालल्या, स्पिलिओतोपुलोस बंधूंनी त्यांचा व्याप सांभाळला. दारू होती पण काडतुसांना कागद नव्हता. तेव्हा गावच्या ग्रंथालयातली पुस्तकं फाडून काडतुसं वळली. ग्रंथालय अजून आहे, उरलेल्या पुस्तकांसकट. कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू ग्रेगरी पाचवा याच गावचा. बंडाची बातमी लागताच सुलतानाने १८२१ च्या एप्रिलमध्ये त्याला त्याच्याच दारात फासावर चढवलं.

स्टेमनित्सात चहापुरते थांबलो. चांदीचं काम करणाऱ्यांचं गाव. इथल्या मठात १८२१ च्या मेमध्ये पेलोपोनीजच्या सिनेटची सभा भरली होती.

संध्याकाळी कारीतेना. अल्फिओस नदीच्या वर उभा कडा, त्यावर तेराव्या शतकात फ्रँक सरदारांनी बांधलेला किल्ला. इब्राहिमच्या काळात कोलोकोत्रोनिसने तो दुरुस्त करून आत घर बांधलं आणि इथूनच डोंगर सांभाळला. चढण तीव्र आहे, वर पडके तट, पाण्याच्या टाक्या आणि वारा. दुपारनंतर जावं, ऊन मागून येतं. खाली नदीवर जुना कमानींचा पूल आहे आणि त्याच्या एका खांबात छोटंसं देऊळ बसवलेलं आहे. त्याच्या अगदी डोक्यावरून नवा काँक्रीटचा पूल जातो. तो तिथेच का बांधला, हे बांधणाऱ्यांनाच ठाऊक. युरो येण्याआधी पाच हजार द्राख्माच्या नोटेवर एका बाजूला कोलोकोत्रोनिस आणि दुसऱ्या बाजूला कारीतेना असायचं. खाणावळीच्या मालकाने गल्ल्याखालून तशी एक नोट काढून दाखवली, विकायची नाही म्हणाला.

२३ मार्च, कालामाता आणि कार्दामिली

ही तारीख धरूनच सगळा बेत आखला होता. २३ मार्च १८२१ ला कालामाता घेतलं, जुन्या पंचांगाने. नव्याशी बारा दिवसांचा फरक पडतो, पण ग्रीक लोक जुनीच तारीख पाळतात. पवित्र प्रेषितांचं चर्च बघून भाची म्हणाली, "एवढंसंच?" खरंच एवढंसं आहे. मानीचा पुढारी पेत्रोबे मावरोमिखालिस, कोलोकोत्रोनिस आणि बाकीचे सरदार इथे जमले होते. चौकात घागऱ्यासारखी पांढरी फुस्तानेला घातलेली माणसं, बँड, पाद्री, टीव्हीवाले, खांद्यावर बसवलेली पोरं. कोलोकोत्रोनिसचं सोंग घेतलेल्याचं शिरस्त्राण सारखं डोळ्यांवर घसरत होतं.

क्रांती पहिल्यांदा कुठे पेटली यावर इथे कुणाशी बोलू नये. आरेओपोलीचे लोक १७ मार्च सांगतात, कालामाताचे २३, आणि देशाचा सण २५ ला. सगळ्यांकडे पुरावे आहेत.

दुपारी समुद्राकडेने कार्दामिलीला गेलो. ६ जानेवारी १८२१ ला कोलोकोत्रोनिस झाकिंथोसहून निघून इथे उतरला आणि मुर्त्सिनोस घराण्याच्या गढीत राहिला. गढी दुरुस्त करून संग्रहालय केलं आहे. तटबंद वाडा, चर्च, मनोरा. मानीत भाऊबंदकी इतकी की प्रत्येक घराला मनोरा लागे. त्या दिवशी चौकात ज्या पेत्रोबेचा जयजयकार ऐकला, त्याच्याच भावाने आणि मुलाने दहा वर्षांनी कापोदिस्त्रियासला मारलं होतं. तेव्हा पेत्रोबे स्वतः कापोदिस्त्रियासच्याच कैदेत होता.

२४ मार्च, पिलोस

इथे कोलोकोत्रोनिस नाही. तरी आलो, कारण त्याच्या लढाईचा निकाल इथे लागला. डोंगरातल्या लढ्याने इब्राहिमला दमवलं असेल, हटवलं नाही. २० ऑक्टोबर १८२७ ला नावारिनोच्या उपसागरात इंग्रज, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी मिळून चार तासांत तुर्क-इजिप्शियन आरमाराचा बहुतांश भाग बुडवला. तिन्ही दर्यासारंगांच्या नावाने पिलोसमध्ये चौक आहे, मध्ये स्तंभ, भोवती मोठमोठी झाडं आणि कॉफीची दुकानं. समोर स्फाक्तिरिया बेट उपसागराचं तोंड अडवून बसलेलं. पाणी इतकं शांत की लढाईची कल्पना करायला कष्ट पडतात.

जिंकून देणारा इंग्रज दर्यासारंग एडवर्ड कॉड्रिंग्टन याला पुढच्याच वर्षी परत बोलावण्यात आलं. त्याच्या सरकारला एवढा मोठा विजय नकोच होता. तुर्कस्तान दुबळं झालं की रशिया वर चढणार, ही धास्ती. "म्हणजे यालाही," भाची म्हणाली. यालाही.

कॉड्रिंग्टन ज्या जहाजावरून लढला ते 'एशिया' मात्र मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलं होतं. चौऱ्याऐंशी तोफांचं, सागवानी, आणि मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं. १८२४ मध्ये ते पाण्यात उतरलं. ओकपेक्षा सागवान खाऱ्या पाण्यात टिकतं, म्हणून इंग्रज आरमार मुंबईकडून जहाजं करून घेई. भाचीने मला तीनदा विचारून खात्री केली. मग तिने फोनवर मुंबईचा नकाशा उघडला आणि ती गोदी बघता येईल का, हे शोधू लागली. मी सांगितलं, ती नौदलाच्या ताब्यात आहे, लायन गेटच्या आत, आपल्याला कोण सोडणार. "अर्ज तर करून बघू," ती म्हणाली, आणि कॉफी येईपर्यंत कुणाच्या नावाने अर्ज करायचा यावर आमचा वाद चालला.